जुन्या साच्याचा लॅपटॉप घ्यावा का?



गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न मला तिघींनी विचारला. एकीने मंदिरात, एकीने भिशीत, आणि एकीने तर भाजीच्या गाडीपाशी मेथी निवडता निवडता. "दुकानदार म्हणतोय, मॉडेल जुनं आहे म्हणून कमीत देतो. घेऊ का गं?" आमच्याकडे डिसेंबरात लॅपटॉप आला हे सगळ्यांना कळलंय, म्हणून मी यातली जाणकार! जाणकार वगैरे काही नाही. पण दिवाळीनंतर पाच आठवडे मी याच विषयात बुडालेली होते. स्वयंपाक करताना मोबाइलवर व्हिडिओ, दुपारी दुकानं, रात्री लेकीशी वाद. पैसे माझ्या भिशीचे होते, साठ हजार, आणि माझा नंबर पुन्हा दोन वर्षांनी लागणार. चूक परवडणार नव्हती, कारण एकदा ती आम्ही केलेली आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बाहेरचा साचा जुना असेल तर खुशाल घ्या. आतला गाभा जुना असेल तर कितीही कमीत मिळाला तरी घेऊ नका. दुकानदार "जुनं मॉडेल" म्हणतो तेव्हा या दोन्हींपैकी नेमकं काय जुनं आहे ते तो सांगत नाही, कधी कधी त्यालाही माहीत नसतं. ते आपण शोधायचं. कसं, ते पुढे लिहिते, पण आधी घरातल्या दोन लॅपटॉपची गोष्ट.

पहिला ह्यांच्या दुकानातला. २०१६ सालचा, जाडजूड, बाजूला सीडीचा कप्पा असलेला. आमचं चादर-टॉवेलचं दुकान; तो गल्ल्याशेजारी बसून बिलं आणि टॅली करतो. २०२१ मध्ये फार रेंगाळायला लागला तेव्हा नवी पेठेतल्या रिपेअरवाल्या दादांनी मागचे स्क्रू काढले, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅमच्या रिकाम्या खाचेत ४ जीबीची आणखी एक पट्टी घातली. अर्ध्या तासाचं काम, आणि तो परत तरुण झाला. सोलापूरचा उन्हाळा, उघड्या दुकानातली धूळ, चादरींचा उडणारा तंतू, सगळं सोसून तो आजही चालू आहे.

दुसरा जुलै २०२० मधला. लॉकडाऊन, लेक नववीत, शाळा ऑनलाइन. तेव्हा लॅपटॉप मिळत नव्हते, मिळेल तो घ्यायचा. आम्हाला मिळाला तो चंदेरी, पातळ, हातात घेतला तर वहीएवढा वाटणारा. अडतीस हजार. घरी आणला तेव्हा सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं होतं. ४ जीबी रॅम, आणि ती बोर्डावरच डाखलेली. म्हणजे वाढवायची सोय नाही. आम्हाला त्या वेळी हा शब्दही माहीत नव्हता. दोन वर्षांत तो इतका मंद झाला की लेक चालू करायची आणि दात घासून यायची. २०२४ च्या फेब्रुवारीत बारावीच्या ऐन परीक्षेत त्याची बिजागरी तुटली. अधिकृत सर्व्हिस सेंटर पुण्याला. हे स्वतः घेऊन गेले, एक दिवस दुकान बंद. तिथे सांगितलं, बिजागरी एकटी मिळत नाही, वरचं सगळं झाकण पडद्यासकट बदलावं लागेल, साडेचौदा हजार. हे परत घेऊन आले. दादांकडे विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, याचा सुटा भाग बाजारात येतच नाही." तेव्हापासून तो कपाटात पडून आहे.

पहिला दिसायला म्हातारा आणि दुसरा दिसायला देखणा. साडेतीन वर्षांत निकामी झाला तो देखणा.

आता ही गोष्ट सांगून मी "जुनं ते सोनं" म्हणून थांबले असते तर सोपं होतं. पण ऑक्टोबरात दुकानातल्या त्या गुणी म्हाताऱ्यावरही पाळी आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. मशीन धडधाकट, पण दार बंद. साचा जुना होता त्याचं काही बिघडलं नाही, गाभा जुना झाला तिथे अडलं. म्हणून मी म्हणते, या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा.

लेक आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष तिने कॉलेजच्या लॅबवर आणि मैत्रिणीच्या मेहेरबानीवर काढलं. तिला हवा होता तो लॅपटॉप चौऱ्याहत्तर हजारांचा. धातूची बॉडी, उंच पडदा, मोबाइलसारखा टाइप-सी चार्जर. आणि दुकानदाराने मला दाखवला तो डेलचा इन्स्पिरॉन १५, मॉडेल ३५२०. बावन्न हजार, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. हा २०२२ सालचा साचा. गंमत अशी की जानेवारी २०२५ मध्ये डेलने इन्स्पिरॉन हे नावच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नाव निवृत्त झालं, माल अजून दुकानात. लेकीने बघताक्षणी नाक मुरडलं. "आई, हा तर आपल्या कॉलेजच्या ऑफिसातल्यासारखा दिसतो."

तिचं नाक मुरडणं अगदीच खोटं नव्हतं. प्लॅस्टिकची बॉडी. पडद्याच्या खाली जाड काळी पट्टी. कॅमेरा ७२० पी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर चेहरा पिठात लोळवल्यासारखा. चार्जर गोल पिनेचा. पडद्याचा उजेड २५० निट्स, गच्चीत किंवा खिडकीपाशी बसलं की डोळे बारीक करावे लागतात. वजन दीड-पावणेदोन किलो. ही जुन्या साच्याची किंमत आहे आणि ती द्यावी लागते, उगाच "काही फरक पडत नाही" असं मी सांगणार नाही. जी दिवसभर झूमवर शिकवण्या घेते किंवा जिला रोज लोकलने, बसने फिरायचंय, तिला यातल्या कॅमेऱ्याचा आणि बॅटरीचा खरंच त्रास होईल. आमच्या मॉडेलची बॅटरी ४१ वॉट-अवरची, चार-साडेचार तासांत संपते. नव्या साच्याचे कितीतरी लॅपटॉप याच्या दुप्पट चालतात.

पण गाभा? इथे मला जे कळलं ते सविस्तर सांगते, कारण हेच कुठल्या दुकानात कुणी सांगत नाही.

या ३५२० मध्ये इंटेलचा कोअर आय-५ १२३५यू आहे, बाराव्या पिढीचा, २०२२ चा. त्यात दोन मोठे आणि आठ छोटे असे दहा कोअर. पुढच्या वर्षी तेरावी पिढी आली, १३३५यू. दोन मोठे, आठ छोटे. २०२४ मध्ये इंटेलने नावांची पद्धतच बदलली, "आय" काढून टाकला, कोअर ५ १२०यू आला. दोन मोठे, आठ छोटे. २०२५ मध्ये कोअर ५ २२०यू. ओळखा पाहू! वेग थोडा थोडा चढवला आहे, १२३५यू जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, १३३५यू ४.६ पर्यंत, १२०यू ५ पर्यंत. पण डाळ तीच, फोडणी नवी. मोबाइलवर बोलायला, वर्ड-एक्सेलला, प्रोग्राम लिहायला हा फरक हाताला लागत नाही. डेलचंच ३५३० हे तेराव्या पिढीचं मॉडेल शेजारी ठेवलेलं होतं, बॉडी हुबेहूब तीच, किंमत सहा हजारांनी जास्त. म्हणजे चार वर्षांत ज्याला "नवं" म्हणून विकलं, त्यातलं बरंचसं पाटी बदललेलं होतं. अशा वेळी जुन्या पाटीचा माल कमीत मिळत असेल तर तो घेणारी शहाणी.

याच्या बरोबर उलटं उदाहरण एएमडीचं. एक रायझन ५ ७५२०यू आहे. आकडा बघून वाटतं, सातहजारी, नवा असणार. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या आकड्यांची किल्ली स्वतःच जाहीर केली होती: पहिला आकडा वर्षाचा, तिसरा आकडा गाभ्याचा. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन-२, २०१९ सालचा गाभा. चारच कोअर. वर त्याला लागणारी रॅम बोर्डावर डाखलेलीच येते, ८ जीबी असेल तर जन्मभर ८ जीबी. त्याचाच भाऊ ७५३०यू, तिसरा आकडा ३, तो बराच बरा. दोन्ही "रायझन ५", दोन्ही चकचकीत नव्या बॉडीत मिळतात. आमच्या भिशीतल्या एकीने मुलासाठी ७५२०यू घेतलाय, सुंदर निळा लॅपटॉप आहे. बॉडी नवी, गाभा जुना. आमच्या व्यवहाराच्या उलट. तिला मी काही बोलले नाही, घेऊन झाल्यावर बोलून काय उपयोग? पण तुम्ही घ्यायच्या आधी तो तिसरा आकडा जरूर बघा.

दुकानदाराने मला आणखी एक भीती घातली. "मॅडम, आता एआयचा जमाना आहे. यात एनपीयू नाही." मी घरी येऊन वाचलं. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये "कोपायलट प्लस पीसी" म्हणून एक वर्ग काढला, त्यासाठी एआयची गणितं करणारा वेगळा, बऱ्यापैकी ताकदीचा भाग आणि किमान १६ जीबी रॅम लागते. ठीक आहे. पण लेक जे एआय वापरते ते सगळं इंटरनेटवर, ब्राउझरमध्ये चालतं. गणितं होतात कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर. त्यासाठी वीस हजार जास्त मोजण्याइतकं मला त्यात काही दिसलं नाही. तिच्याच सरांना विचारायला लावलं, तेही म्हणाले, पदवीपुरतं काही अडणार नाही, रॅम मात्र बघून घे.

रॅमबद्दल माझं मत या पाच आठवड्यांत बदललं, ते कबूल करते. आधी मी सगळ्यांना सांगत असे, ८ जीबीचा घ्या, खाच रिकामी असली म्हणजे झालं, पुढे पैसे हातात आले की वाढवा. दुकानातल्या लॅपटॉपवरून तेच शिकले होते. पण गेल्या शरदापासून रॅमचे भाव चढू लागले. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीमागे कंपन्या लागल्या आणि आपल्यासारख्यांचा माल कमी पडला. मायक्रॉन या मोठ्या कंपनीने तर डिसेंबरात जाहीरच केलं की सुट्या ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड ती बंद करणार. दादांनी नोव्हेंबरात सांगितलेला पट्टीचा भाव डिसेंबरात त्यांनाच सांगायला लाज वाटत होती. तेव्हा आता माझा सल्ला असा, की शिकणाऱ्या मुलांसाठी घेत असाल तर पहिल्या दिवसापासून १६ जीबीचाच घ्या. अँड्रॉइड स्टुडिओसारखं काही एम्युलेटरसकट चालवायचं असेल तर तेवढी लागतेच. खाच असणं तरीही महत्त्वाचं, कारण पट्टी बिघडली तर बदलता येते. ३५२० ला दोन खाचा आहेत. दादांनी डब्यातून काढल्यावर पहिलं तेच बघितलं.

इथे थोडं विषयांतर. ह्यांच्याबरोबर मी कधी कधी पूर्व भागात माल बघायला जाते. कारखान्यात जकार्डच्या मागावर वर भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते, तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. भोक असेल तिथे सुई आत जाते, नसेल तिथे अडते, आणि खाली चादरीवर मोर उमटतो. यंदा लेकीला बरोबर नेलं होतं. ती म्हणाली, "आई, आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवलं." फ्रान्समधल्या जकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती काढली, आणि पुढे इंग्लंडमध्ये बॅबेज यांनी आपल्या गणित करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यात हेच भोकांचे पुठ्ठे घेतले. मी इतकी वर्षं चादरी विकतेय, मला हे माहीत नव्हतं! तिथले मालक सांगत होते, मागाची चौकट त्यांच्या वडिलांच्या वेळची, नक्षी मात्र दर हंगामाला नवी. पुठ्ठे बदलता येतात म्हणून. "आणि मोडला तर?" मी विचारलं. "मोडला तर काय, इथेच दहा घरांत दुरुस्त करणारे आहेत."

हे शेवटचं वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होते. आपण सोलापुरात राहतो. मुंबई-पुण्याच्या मुली लॅपटॉप घेताना जो हिशेब करतात तो आपला हिशेब नाही. नव्याकोऱ्या मॉडेलचा सुटा भाग मागवायला लागतो, पुण्याला जावं लागतं, तिकडे दोन-तीन फेऱ्या. जो साचा तीन-चार वर्षं बाजारात खपलाय, त्याचा कीबोर्ड, बिजागरी, बॅटरी, चार्जर इथे मिळतो, आणि मुख्य म्हणजे दादांनी तो आधी दहा वेळा उघडलेला असतो. कुकरसारखंच आहे हे. नवीन परदेशी आकाराचा कुकर कितीही छान दिसला तरी त्याची रिंग आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नसेल तर सहा महिन्यांनी तो माळ्यावर जातो. पुण्याला बसलेल्या कुणी परीक्षक मुलाने व्हिडिओत "डिझाइन खूप जुनं वाटतं" म्हणून गुण कापले, त्याला पुण्याला नेऊन दुरुस्त करायचा ताप नसतो.

साचा जुना असणं ही काही शरमेची गोष्टही नाही. थिंकपॅड बघा. १९९२ मध्ये आयबीएमने पहिल्यांदा तो काळा चौकोनी डबा आणला, मधे लाल ठिपका असलेला. जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलेला आकार. २००५ मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला, आणि आजही लांबून बघितलं तरी ओळखू येतो. घेणारे तो तसाच आहे म्हणून घेतात. दुसरं उदाहरण ॲपलच्या एम-१ मॅकबुक एअरचं. बॉडी २०१८ ची, गाभा नोव्हेंबर २०२० मध्ये अगदी नवा घातला. भारतात आला तेव्हा ९२,९०० रुपये. नंतर सेलमध्ये पुष्कळ खाली मिळायचा. लोकांनी वर्षानुवर्षं घेतला आणि पस्तावले नाहीत. पण मी तो लेकीसाठी नको म्हटलं. ८ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण, दोन्ही कायमचे चिकटवलेले. पाच वर्षांपूर्वी तो जितका शहाणा सौदा होता तितका आज राहिलेला नाही. जुना साचा चांगला की वाईट, हे किती साली घेता त्यावरही असतं.

कंपन्यांतून उतरलेले जुने लॅपटॉप पंचवीस-तीस हजारांत मिळतात, त्याबद्दल एकीने विचारलं होतं. दुकानाच्या बिलांसाठी ठीक. आठव्या पिढीच्या पुढचा आहे याची खात्री करा, एवढंच.

आता किमतीचं. मॉडेल जुनं असल्याचा फायदा दुकानदाराने घ्यायचा की आपण? माझा हिशेब असा: त्याच कामाच्या नव्या मॉडेलपेक्षा किमान एक पंचमांश कमी नसेल तर जुन्याला हात लावायचा नाही. साठ हजारांच्या नव्यासमोर सत्तावन्न हजारांचा जुना म्हणजे आपल्याला बनवणं. चौऱ्याहत्तर आणि बावन्न यांत अंतर होतं म्हणून मी बसले. दुसरं, खोक्यावरचं लेबल बघा. कधी बनला तो महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बॅटरी खोक्यात पडून पडूनही म्हातारी होते, पापडासारखी नाही, लोणच्यासारखीही नाही, दुधासारखी. दोन वर्षं गोदामात असलेला माल आम्ही परत करायला लावला आणि सहा महिन्यांपूर्वीचा मागवला. तिसरं, मागचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते पैसे द्यायच्या आधी पाहा. बिल आजचं आणि वॉरंटी गेल्या वर्षीपासून, असं होऊ शकतं.

आणि सप्टेंबरात जीएसटी कमी झाला तेव्हा लॅपटॉप स्वस्त झाले असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. टीव्ही, एसीचा कर २८ वरून १८ वर आला. लॅपटॉप आधीही १८ टक्क्यांत होता, आताही आहे.

यावरून आमच्या घरात एक छोटंसं नाटक झालं. बावन्न हजारांत कराचे सुमारे आठ हजार. हे म्हणाले, "दुकानाच्या नावावर बिल घेऊ, इनपुट क्रेडिट मिळेल." सगळे असंच करतात म्हणे. मी म्हटलं, लॅपटॉप जाणार लेकीबरोबर कॉलेजात आणि बिलावर लिहिणार दुकानाचा खर्च? रोज सकाळी आपण अचौर्याचं नाव घेतो. हे जरा रागावले, मग सासूबाई पोथी मिटत म्हणाल्या, "बिल नातीच्या नावाने कर." विषय संपला. आठ हजार गेले. मला अजून कधी कधी आठवतात, खोटं कशाला बोलू.

एका ताईंनी मला सुचवलं होतं की जुनं मॉडेल घेणं हेच अपरिग्रहाला धरून आहे. मला ते पटत नाही. मी २०२४ च्या दशलक्षणात नियम घेतला होता, की घरात विजेवर चालणारी एक वस्तू आली तर एक बाहेर जाईल. त्या नियमाने मला मोजायला शिकवलं. २०२० मध्ये अडतीस हजारांचा सुंदर लॅपटॉप घेतला, तो चार वर्षं टिकला नाही, म्हणून आता बावन्न हजारांचा. म्हणजे एकाच्या जागी दोन वस्तू, दोन बॅटऱ्या, आणि एक कपाटात पडलेला कचरा. स्वस्त घेतल्याने परिग्रह कमी होत नाही. हा नवीन जर लेकीची पदवी, नोकरीचं पहिलं वर्ष आणि मग ह्यांच्या दुकानातली पाच वर्षं असा निघाला, तर मी म्हणेन नियम पाळला. त्यासाठी तो उघडता येणारा हवा, एवढाच त्याचा आणि माझ्या नियमाचा संबंध.

लेकीचं काय? ती चार दिवस रुसली होती. पाचव्या दिवशी दादांकडे ती स्वतः गेली, त्यांनी मागचं झाकण काढून तिला आतलं सगळं दाखवलं. ही रॅम, ही एसएसडी, हा पंखा, वर्षातून एकदा धूळ काढायची, उन्हाळ्याच्या आधी. घरी येऊन म्हणाली, "आई, पंखा मीच साफ करत जाईन." कॉलेजात कुणी काही म्हटलं का ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. झाकणावर मात्र तिने एवढे स्टिकर लावलेत की आता साचा जुना की नवा ते कुणाला कळायचं नाही.

नियमाप्रमाणे एक बाहेर जायला हवा. चंदेरी लॅपटॉप ई-कचऱ्यात द्यायचा ठरलाय, भंगारवाल्याला नाही. बॅटरी फोडून, तारा जाळून तांबं काढतात ते लोक, त्यात त्यांचेही हाल आणि आजूबाजूच्या जिवांचेही. २०२२ च्या नियमांनुसार ई-कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी कंपन्यांवर आहे, तेव्हा पुण्याला जाईल तेव्हा हे घेऊन जाणार आहेत. तिसरी फेरी.

दुकानातल्या म्हाताऱ्याचं अजून ठरलेलं नाही. मायक्रोसॉफ्टची जादा मुदत घेतली आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. लेक म्हणते त्यावर लिनक्स घालून देते, हे म्हणतात माझ्या टॅलीला हात लावायचा नाही.